काचेपलीकडे बसलेल्या माणसाचे व्यक्तिचित्र कसे टिपावे?

तिरपा_प्रकाश

नमस्कार.

माझ्या मोठ्या बहिणीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण होऊन आज १९ दिवस झाले. रक्तातील पांढऱ्या पेशी पुरेशा वाढेपर्यंत तिला विलगीकरण कक्षात ठेवले असून, नातेवाइकांना बाहेरच्या मार्गिकेत काचेच्या खिडकीपाशी उभे राहून भिंतीवरच्या इंटरकॉमवरून तिच्याशी बोलता येते. भेटीची वेळ रोज अर्धा तास. मी गेली बारा वर्षे माणसांची छायाचित्रे काढतो, त्यावरच माझे घर चालते, आणि तरीही मागच्या आठवड्यात ताई इंटरकॉमवर "उद्या कॅमेरा घेऊन ये, माझा एक नीट फोटो काढ" असे म्हणाली तेव्हा काय उत्तर द्यावे ते मला सुचेना.

प्रभारी सिस्टरांची परवानगी मिळाली आहे. फ्लॅश वापरायचा नाही, दुसरा कोणताही रुग्ण चौकटीत येता कामा नये आणि सामान मार्गिकेबाहेर जाणार नाही, एवढ्याच त्यांच्या अटी आहेत. दोन दिवसांत ८५ मिमीच्या लेन्सने मी चाळीसेक फोटो काढले. त्यांतल्या निम्म्या फोटोंत ताईच्या चेहऱ्यावर माझाच चेहरा आणि पांढरा शर्ट उमटला आहे, शिवाय मार्गिकेतल्या ट्यूबलाइटची पट्टी तिच्या कपाळावरून आडवी गेली आहे. उरलेल्या फोटोंत काच जवळजवळ दिसत नाही, पण तेच मला जास्त खटकतात, कारण त्यांत ती संग्रहालयातल्या पेटीत ठेवलेल्या वस्तूसारखी दिसते. कॅमेरा डोळ्याला लावला की ती पाठ ताठ करते, डोक्यावरचा रुमाल सारखा करते आणि "मी ठीक आहे, आईला दाखव" असे सांगणारा चेहरा धारण करते. हा चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाही की ती हाच चेहरा घेऊन घरात शिरत असे.

एकच फोटो वेगळा आला, तोही चुकून. मी सिस्टरांशी बोलायला बाजूला वळलो होतो, कॅमेरा छातीशी होता आणि बोट शटरवर पडले. ताई इंटरकॉमच्या रिसीव्हरची वेटोळ्यांची वायर करंगळीभोवती गुंडाळत माझ्याकडे पाहते आहे. फोकस तिच्या बोटांवर गेला आहे, चेहरा जरासा अस्पष्ट आहे आणि चौकट वाकडी आहे. आईला मी तोच पाठवला, तर तिने लगेच फोन करून "तिची ती करंगळीची खोड अजून गेली नाही म्हणायची" असे सांगितले. त्या दिवशी आई बऱ्याच दिवसांनी हसली.

माझे प्रश्न दोन आहेत. काचेवरचे प्रतिबिंब कसे टाळावे, हा पहिला आणि सोपा. दुसरा असा की, ज्या माणसाला १९ दिवसांत हातमोज्यांशिवाय कोणी स्पर्श केलेला नाही, त्याच्यासमोर कॅमेरा धरताना त्याला आपण न्याहाळले जात आहोत असे न वाटता कोणीतरी सोबत आहे असे वाटावे, यासाठी छायाचित्रकाराने नेमके काय करावे? आणि मुळात हे करावे का?

मंदगती_शटर

आपल्या ताईंना लवकर बरे वाटो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो. दुसऱ्याचे देण्याची माझी पात्रता नाही.

काचेचा एक पृष्ठभाग समोरून आलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के परत फेकतो, म्हणजे एका तावदानाचे दोन पृष्ठभाग मिळून ८ टक्के, आणि अशा कक्षांना बहुधा असते तशी दुहेरी काच असेल तर १५ टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान वाटतो, परंतु मार्गिका झगझगीत आणि खोली मंद असेल तर तेवढाच प्रकाश आतल्या चेहऱ्याशी बरोबरी करतो. म्हणून प्रतिबिंबाशी काचेवर झुंजण्यापेक्षा ते जिथून येते तिथेच ते तोडावे. पांढऱ्या शर्टाऐवजी काळा किंवा गडद सदरा घाला. लेन्सला मऊ रबरी हूड, म्हणजे तिच्या तोंडाभोवतीची आडोशाची कड, लावून ते सरळ काचेला टेकवा. हूड काचेशी सपाट बसले की बाहेरचा प्रकाश आत शिरायला वाटच उरत नाही. थोडे तिरके उभे राहावे लागणार असेल तर मोठ्या काळ्या कापडाला लेन्सपुरते भोक पाडून ते स्वतःच्या मागून आणि वरून पांघरून घ्या.

पोलरायझिंग फिल्टरविषयी, म्हणजे चमक आणि प्रतिबिंब कमी करण्यासाठी लेन्सवर लावायच्या काचेविषयी, बराच गैरसमज आहे. काचेसमोर सरळ उभे राहिलात तर त्याचा काहीही उपयोग होत नाही. काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून साधारण ५६ अंश तिरके पाहिले तरच तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो, आणि त्यासाठी दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा प्रकाश उरतो. काच कडक केलेली म्हणजे टफन्ड असेल तर त्याच फिल्टरमुळे तिच्यातले ताण डागांसारखे दिसू लागतात. खोलीतल्या प्रकाशात आपल्याला ते परवडणार नाही असे मला वाटते.

ट्यूबलाइटच्या किंवा एलईडीच्या प्रकाशात इलेक्ट्रॉनिक म्हणजे निःशब्द शटर वापरले तर चित्रात आडवे पट्टे येऊ शकतात. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवा, जिथे ६० हर्ट्झची आहे तिथे १/६० किंवा १/१२०. ऑटोफोकस काचेवरच्या बोटांच्या ठशांवर अडकतो, तेव्हा जवळच्या डोळ्यावर हाताने फोकस करणे उत्तम. ताईंची खुर्ची काचेपासून सुमारे दीड मीटरवर असेल तर ८५ मिमीने उभ्या चौकटीत डोके आणि खांदे नीट बसतात, तेव्हा लेन्स बदलण्याची गरज नाही. त्यांच्या खोलीला बाहेरच्या बाजूची खिडकी असल्यास खुर्ची थोडी वळवून तिचा उजेड एका गालावर घ्या आणि सिस्टरांची हरकत नसेल तर डोक्यावरचा दिवा पाच मिनिटे बंद करून घ्या. छताच्या दिव्याने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि मुळात थकलेला चेहरा आणखी थकलेला दिसतो.

उंबरठा

वरचे सारे बरोबर आहे, तरी एका गोष्टीवर माझा ठाम आक्षेप आहे. भेटीला अर्धा तास मिळतो, आणि त्या अर्ध्या तासात भाऊ काळे कापड पांघरून कॅमेऱ्यामागे नाहीसा होणार असेल तर ताईंनी पाहायचे कोणाकडे? आपला तो चुकून निघालेला फोटो पुन्हा पाहा. त्या वेळी कॅमेरा आपल्या छातीशी होता आणि चेहरा उघडा होता. त्यांना माणूस दिसला, म्हणून त्यांची बोटे सवयीच्या जागी गेली.

मोठ्या आकाराच्या जुन्या कॅमेऱ्यांत फिल्मचा किंवा प्लेटचा डबा बसवला की मागच्या काचेवरचे चित्र दिसेनासे होई, त्यामुळे छायाचित्रकाराला कॅमेऱ्याशेजारी उभे राहून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत शटर सोडावे लागे. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावा येथे छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांच्या तोंडातला सिगार पुढे होऊन काढून घेतला आणि परत येऊन शटर दाबले, ते अशाच कॅमेऱ्यावर. त्या फोटोतला चर्चिल यांचा प्रसिद्ध राग यंत्रावरचा नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसावरचा आहे. आपल्याला राग नको आहे, पण रचना हीच हवी. ट्रायपॉड लावा, हूड काचेला टेकवा, फोकस एकदा पक्का करून ठेवा, रिमोट खिशात घ्या आणि इंटरकॉमचा रिसीव्हर हातात घेऊन कॅमेऱ्याच्या मागे असे उभे राहा की आपली हनुवटी कॅमेऱ्याच्या माथ्याला लागेल. आपले डोळे लेन्सपासून १८-२० सेंटिमीटर वर राहिले तर दीड मीटरवरून ताईंची नजर जेमतेम सात अंश वर जाते, आणि चित्रात ती पाहणाऱ्याकडेच आहे असे वाटते. इंटरकॉमची वायर तिथवर पोहोचत नसेल तर सरळ मोबाइलवरून बोला.

हे शहाणपण मला उशिरा आले. २०२० च्या टाळेबंदीत मी लोकांचे दारातले फोटो काढत होतो. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नीडहॅम येथून घराच्या पायऱ्यांवर उभ्या कुटुंबांचे दुरून फोटो काढण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पाहता पाहता अनेक ठिकाणी पसरला. मीही त्याच लाटेतला. फाटकाबाहेर चार-पाच मीटरवर उभे राहायचे, चार क्लिक करायचे, पुढच्या दारी जायचे. एका घरी एकटे राहणारे वयस्क गृहस्थ होते. ते इस्त्रीचा सदरा आणि खाली घरातली पायजम्याची विजार अशा वेशात दारात आले, कारण फोटो कमरेपर्यंतच येईल असा त्यांचा हिशेब होता. दोन मिनिटांत माझे काम झाले. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि त्यानंतर ते पस्तीस मिनिटे बोलले. दोन महिन्यांत त्यांनी समोरासमोर कोणाशी केलेले ते पहिले बोलणे होते. माझ्याकडे आज त्यांच्या सदऱ्याचा अतिशय स्वच्छ फोटो आहे. त्या पस्तीस मिनिटांतला एकही नाही. त्यानंतर मी प्रत्येक दारी पहिली दहा मिनिटे कॅमेरा बाहेर काढणे बंद केले. दिवसाला बाराऐवजी चार घरे होऊ लागली, त्याची खंत वाटली नाही.

प्रतिबिंबाबद्दलही माझे मत थोडे वेगळे आहे. त्याच वर्षी रानिया मातर या छायाचित्रकर्तीने खिडकीच्या काचेआड असलेल्या लोकांची व्यक्तिचित्रे काढली. त्यांत बाहेरची झाडे आणि आकाश आतल्या चेहऱ्यांवर पसरलेले आहे, आणि ते पुसले असते तर चित्रांतली खिडकीच नाहीशी झाली असती. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २०२० च्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांत सर्वसामान्यांकडून टाळेबंदीतली व्यक्तिचित्रे मागवली, तेव्हा ३१ हजारांहून अधिक फोटो आले आणि त्यांतून १०० निवडले गेले. त्या निवडीत काचेला टेकलेले हात आणि काचेच्या दोन बाजूंची माणसे भेटतात. ट्यूबलाइटची पट्टी अवश्य घालवा. पण ताईंच्या चेहऱ्यावर आपला चेहरा उमटलेला फोटो खराब म्हणून टाकून देण्याआधी एकदा त्यांना दाखवा.

रात्रपाळी

मी अशाच एका कक्षात परिचारिका आहे, तेव्हा आतल्या बाजूने दोन-चार गोष्टी सांगते.

प्रत्यारोपणाआधीच्या औषधांमुळे या दिवसांत बहुतेक रुग्णांच्या तोंडात फोड येतात. ओठ ताणले की दुखते. म्हणून "थोडं हस ना" असे चुकूनही म्हणू नका. ताई आपल्यासाठी हसतील आणि नंतर तासभर त्यांना त्याचा त्रास होईल. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरील आपल्या ग्रंथात खऱ्या आनंदाचे हसू डोळ्यांभोवतीच्या स्नायूंत दिसते असे दाखवले होते, आणि तोंड झाकून काम करणाऱ्या आम्हां सर्वांना ते रोजच्या अनुभवाने ठाऊक असते. भेटीची वेळ निवडता येत असेल तर सिस्टरांना विचारून ठरवा. ताप असेल किंवा नुकतेच काही चढवले असेल तर त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

आता मुख्य मुद्दा. आपण सारे ताईंचा चेहरा बाहेर कसा आणावा याचा विचार करत आहात. त्यांच्या खोलीत मात्र चेहरेच येत नाहीत. येतात ते मास्क, टोप्या आणि गाऊन. २०१५ मध्ये लायबेरियात इबोलाची साथ असताना मेरी बेथ हेफर्नन या कलावतीने तिथल्या आरोग्यसेवकांचे हसरे फोटो काढून ते त्यांच्या संरक्षक पोशाखांवर छातीशी चिकटवण्याची व्यवस्था केली, म्हणजे रुग्णाला आपली शुश्रूषा कोण करते आहे ते कळावे. २०२० मध्ये तीच कल्पना अमेरिकेतल्या रुग्णालयांत पुन्हा वापरली गेली. आमच्याकडेही आम्ही काही जणींनी तसे केले. तोवर रुग्ण आम्हाला "ओ सिस्टर" अशी एकच हाक मारत. फोटो लागल्यावर एका आजोबांनी मला विचारले, "काल रात्री ती गालावर तीळ असलेली आली होती, ती आज नाही का?" मास्कखालचा माझ्या मैत्रिणीचा तीळ त्यांनी प्रत्यक्षात कधीच पाहिला नव्हता.

तेव्हा ताईंचा फोटो काढाच, पण आपला, आईचा, घरातल्या सगळ्यांचा एकेक मोठा, साधा, समोरून काढलेला फोटो आत पाठवण्याची परवानगीही मागा. कागद तसाच आत नेऊ देत नाहीत. लॅमिनेट केलेला असेल तर जंतुनाशकाने पुसता येतो. आणि मार्गिकेत मास्क काढायला मुभा असेल तर तो काढा. काच मध्ये आहेच.

खोली_क्रमांक_नऊ

हे करावे का, या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. मी सहा वर्षांपूर्वी ताईंच्याच जागी होतो. माझा भाऊ काचेपलीकडून माझे फोटो काढत असे आणि मी त्याला कधी नाही म्हटले नाही, कारण फोटो काढत नसला की तो बिचारा हात कुठे ठेवावे ते न कळून उभा राहायचा. कॅमेरा त्याला हवा होता. मी तो चालवून घेतला. ते फोटो आजही त्याच्याकडे असतील. मी पाहिलेले नाहीत आणि पाहण्याची इच्छाही नाही. त्या दिवसांत मला सुया टोचल्या जात, वजन घेतले जाई, तोंडात बॅटरी मारून पाहिले जाई. प्रत्येक गोष्ट दुसरा कोणीतरी माझ्यावर करत असे, आणि फोटो ही त्यांतलीच आणखी एक.

आपल्या बाबतीत फरक एवढाच की मागणी ताईंची आहे. तर मग शटरही त्यांच्याच हाती द्या. आजकालच्या बहुतेक कॅमेऱ्यांना मोबाइलचे ॲप जोडता येते आणि वायफाय काचेतून सहज जाते. मोबाइल त्यांच्याकडे असणारच. कॅमेरा आपल्या बाजूला ट्रायपॉडवर राहील, त्यांना स्वतःच्या मोबाइलच्या पडद्यावर चौकट दिसेल आणि कधी दाबायचे ते त्या ठरवतील. नको असलेला फोटो तिथल्या तिथे काढून टाकण्याचा अधिकारही त्यांचाच, आणि कोणता फोटो कोणाला पाठवायचा हे आधी त्यांना विचारायचे. तो करंगळीचा फोटो आईंना पाठवताना आपण विचारले होते का? दोष देत नाही, माझ्या भावानेही विचारले नव्हते.

जाता जाता एक आठवण नोंदवतो. डिसेंबर १८६३ मध्ये आयल ऑफ वाइट बेटावर राहणाऱ्या जुलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना त्यांच्या लेकीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या, नवरा दूर सिलोनला होता, आणि एकटेपणात आईचे मन रमावे एवढाच लेकीचा हेतू होता. त्या घरच्यांनी एकट्या पडलेल्या बाईचा फोटो काढला नाही, तिच्या हातात कॅमेरा दिला. पुढे तिने काढलेली व्यक्तिचित्रे इथे सर्वांना माहीत आहेत.

तिरपा_प्रकाश

सर्वांचे मनापासून आभार. नाही, विचारले नव्हते. काल जाऊन आधी तेच सांगितले. ताई म्हणाली, "आई हसली ना, मग असू दे, पण पुढच्या वेळी विचार."

काल अर्ध्या तासातली पहिली पंधरा मिनिटे कॅमेरा पिशवीत होता. मग ट्रायपॉड लावला. रबरी हूड वेळेवर मिळाले नाही, म्हणून जुन्या छत्रीचे काळे कापड कापून लेन्सभोवती गळपट्टीसारखे बांधले आणि चिकटपट्टीने काचेला लावले. ॲप जोडायला सात मिनिटे गेली, त्यांतली पाच माझ्या चुकीमुळे, आणि त्या पाच मिनिटांत ताईने मला इंटरकॉमवरून यथेच्छ बोलणी खाऊ घातली. उरलेल्या वेळात तिने अकरा फोटो काढले. बहुतेकांत ती मोबाइलकडे पाहते आहे, कारण आपण कसे दिसतो हे पाहण्याचा मोह तिला आवरेना. आठ तिने जागच्या जागी काढून टाकले. ठेवलेल्या तिनांपैकी एकात कापडाची एक बाजू सुटली आहे आणि तिच्या खांद्यावर माझा अर्धा चेहरा आणि चिकटपट्टीचे रीळ उमटले आहे. रुमाल तिने स्वतःच काढून ठेवला होता. मी काही म्हटले नव्हते. डोळे मात्र सरळ माझ्याकडे आहेत, कारण नेमके तेव्हाच मी ते कापड पुन्हा लावण्याची खटपट करत होतो.

निघताना तिने मोबाइल काचेला टेकवून माझा एक फोटो काढला. त्यात माझ्या दातांत चिकटपट्टीचा तुकडा आहे. हा फोटो आईला पाठवायला तिने मला विचारले नाही.

रात्रपाळी, घरच्यांच्या प्रिंट तयार करून घेतो आहे. लॅमिनेशन चकचकीत घ्यावे की मॅट?

रात्रपाळी

मॅटच घ्या. झोपून पाहताना चकचकीत प्रिंटवर छताचाच दिवा दिसतो. आणि कडा गोल कापून घ्यायला विसरू नका, टोके हाताला लागतात.